सरावाची कमळं

‘कागदाचं कमळ करणं अगदी सोपं आहे,’ असं ज्या बाईनं मोबाइलवरच्या व्हिडिओत हसत हसत सांगितलं, तिला मला एकदा जेवायला बोलवायचंय. व्हिडिओभर तिचे हात दिसतात, तोंड फक्त सुरुवातीला दिसतं. माझ्या मते मधली अर्धी कमळं दुसऱ्याच कुणीतरी केलेली असतात. पुरावा माझ्याकडे नाही. पण लातूरमध्ये इतकी वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवल्यावर माणसाला कॉपी लांबूनच ओळखू येते.

मुळात कमळांचा आणि माझा काही संबंध नव्हता. तो आला आमच्या मालविकाच्या लग्नामुळे, आणि लग्नापेक्षाही तुळजाबाईंमुळे. मालविका आमची एकुलती एक. नांदेडला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथंच तिची वरदशी ओळख झाली. वरद नांदेडच्या कॉलेजात शिकवतो, मूळचा उदगीरचा. मुलगा चांगला, घर चांगलं. त्याचे वडील व्यंकटराव तर इतके चांगले की ते कशालाच नाही म्हणत नाहीत. अडचण एवढीच, की त्यांच्या हो म्हणण्यालाही घरात किंमत नाही. वरदची आई तो लहान असतानाच गेली आणि त्याला वाढवलं ते त्याच्या आत्यानं, म्हणजे तुळजाबाईंनी. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. पहिलाही त्यांचाच असतो, मधले तेवढे व्यंकटराव बोलतात. तुळजाबाईंनी लग्न केलं नाही. जन्मभर उदगीरच्या शाळेत गणित शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि आता शाळा हाताशी नाही म्हणून भावावर भागवतात.

लग्न कसं करायचं हे ठरवायला आम्ही उदगीरला गेलो तेव्हा तुळजाबाईंनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. मोठं मंगल कार्यालय, मोठं स्टेज आणि निम्मं उदगीर. मी ‘वा वा’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालविका म्हणाली, ‘आत्या, मला लग्न घरी करायचंय.’

चहाचे कप जिथल्या तिथं थांबले.

‘मागं माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं, अशाच मोठ्या कार्यालयात,’ मालविका सांगू लागली. ‘एक काका स्टेजवर आले. दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिले, फोटो काढला, आणि खाली उतरल्यावर मला विचारलं, हे लग्न कुणाचं आहे? त्यांच्या नात्यातलं लग्न शेजारच्या कार्यालयात होतं. आमच्याकडं नुसते जेवून गेले. मला असं नको. ज्यांना नावानं हाक मारता येईल तेवढीच माणसं मला माझ्या लग्नात हवीत. तेवढी घरात मावतात.’

‘घरी लग्न म्हंजे पाहुण्याची हेळसांड,’ तुळजाबाई म्हणाल्या. ‘कुणाला पाणी मिळत न्हाई, कुणाला पान मिळत न्हाई.’

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण लेकीची बाजू पडती दिसली की बापाला बोलावंसं वाटतं. मी म्हणालो, ‘आमच्याकडे सगळं घरच्या घरीच असतं आत्याबाई. बाहेरचं आम्हाला चालतच नाही.’ माझी बायको विनीता हे ऐकून जोरात खोकली, कारण त्या दिवशी आम्ही नेलेले पेढेसुद्धा स्टँडसमोरून घेतलेले होते.

तुळजाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं मी स्वतः पुष्कळ मुलांना पाहिलेलं आहे. त्या नजरेच्या पलीकडच्या टोकाला बसण्याचा प्रसंग पहिलाच. ‘असं? मग आधी एक जेवण घरच्या घरी करून दाखवा. आचारी न्हाई, मंडपवाला न्हाई. सजावटसुद्धा विकतची न्हाई. नीट झालं तर लग्न घरी. न्हाई झालं तर कार्यालय, अन् मंग कुणी तोंड उघडायचं न्हाई.’

‘हाव, बरोबर हाय,’ व्यंकटराव म्हणाले. ते नेहमीच तसं म्हणतात.

मालविकानं माझ्याकडे पाहिलं. बाबांना हे जमेल असा तिच्या चेहऱ्यावर पूर्ण विश्वास होता. तो कुठून आला हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण त्या विश्वासाचा मला जरा धसका बसला, हे खरं.

लातूरला परत आल्यावर विनीतानं खातेवाटप केलं. स्वयंपाक तिच्याकडे आणि मालविकाकडे. ‘आणि तुम्ही टेबल सजवा,’ ती मला म्हणाली. याचा खरा अर्थ ‘तुम्ही स्वयंपाकघरात येऊ नका’ असा होता हे मला नंतर समजलं. त्या वेळी मात्र मला मंत्रिपद मिळाल्यासारखं वाटलं. पंगत घालून मोकळं व्हावं असं माझं मत होतं, पण तुळजाबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे त्यांना खाली बसता येत नव्हतं. म्हणून टेबल. आणि टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशेजारी एकेक कागदी कमळ, ही माझी कल्पना.

कागद आणायला मी गंजगोलाईच्या बाजारात गेलो. दुकानदारानं माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्लास्टिकची तयार कमळं काढून समोर ठेवली. ‘हे घेऊन जा की सर. धुता येतात.’

‘घरी केलेली पाहिजेत.’

‘हे देवाला चालून राहिलेत, पाहुण्याला का चालंनात?’

मी शिक्षकी आवाज काढला आणि गुलाबी घोटीव कागद मागितला. कागद मात्र अप्रतिम निघाला. असा तुकतुकीत, की घरी आणून पसरला तर विनीतासुद्धा हातातलं काम टाकून बघायला आली. लगेच तो तिनं गुंडाळला आणि कपाटात तिच्या पैठणीखाली ठेवून दिला.

‘हा चांगला कागद आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही आधी सराव करा.’

खरं सांगायचं तर ती बोलली नसती तरी मी तेच करणार होतो. लातूरमध्ये कुठलीही गोष्ट सरावाशिवाय होत नाही. आमच्याकडे मुलं सराव परीक्षेचासुद्धा सराव करतात. बाहेरगावचे लोक आम्हाला हसतात आणि मग आपली मुलं इथंच आणून ठेवतात. तेव्हा चांगल्या कागदाला घामट हात लावण्याआधी पुरेसा सराव हवा, याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. सरावाला कागद तर माझ्याकडे ढिगानं पडलेला होता. क्लासच्या जुन्या प्रश्नपत्रिका, मीच काढलेल्या. एकेक पत्रिका फाडायची, तुकड्यागणिक एक पाकळी.

पहिलं कमळ झालं ते आमच्या शेजारच्या शंकरप्पांनी पाहिलं. शंकरप्पा मूळचे निलंग्याकडचे. वीज खात्यातून निवृत्त झाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाले, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात डोकावणं हे त्यांचं कामच आहे.

‘कोबी झ्याक जमला की सर,’ ते म्हणाले.

‘कमळ आहे.’

‘हौदु, हौदु,’ ते घाईनं म्हणाले. कानडीतून हो म्हणताना त्यांना एकदाही खरं पटलेलं मी पाहिलेलं नाही. ‘पण लांबून कोबी वाटून राहिलंय.’

मी खचणाऱ्यांतला नाही. पाकळीचा कोन मोजला. घडी कुठं पडते याच्या आकृत्या काढल्या. रोज क्लासहून आलो की बैठक मारायची आणि त्या दिवसाची कमळं विनीतापुढे तपासायला ठेवायची. सुरुवातीला ती ‘काठावर पास’ म्हणायची. नंतर न बघताच ‘छान’ म्हणू लागली, तसं मी तिचं पेपर तपासणं बंद केलं आणि स्वतःलाच गुण देऊ लागलो.

चिकटवण्याचा प्रश्न वेगळाच होता. विकतचा डिंक अटीत बसत नव्हता, म्हणून मैद्याची खळ शिजवली. खळीत मोरचूद टाकतात, म्हणजे किडामुंगी लागत नाही, हे मला माहीत होतं. पण मोरचूद विषारी आणि आपलं जेवणाचं टेबल, म्हणून तो विचार सोडून दिला. शंकरप्पांच्या सिंधुवहिनींनी यावर उपाय सांगितला. ‘जरासा गूळ टाका भाऊजी. लई पक्कं धरतंय.’ गुळानं खळ खरोखरच पक्की झाली. भौतिकशास्त्राच्या अंगानं मी तिची चाचणी घेतली. पाकळी फाटली पण सुटली नाही. मुंग्यांच्या अंगानं विचार करायचा राहून गेला.

मग टेबलाचं प्रकरण निघालं. आमचं जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर एवढी माणसं मावत नव्हती. सोसायटीचं एक लांब लोखंडी टेबल खाली खोलीत पडून होतं. ते जोडावं म्हणून मी शंकरप्पांकडे गेलो.

‘मिळंल की. पण सोसायटीची मालमत्ता हाय. अर्ज लागंल.’

‘शंकरप्पा, आत्ताच तुम्ही माझ्याकडे चहा घेतलात.’

‘शेजारी म्हणून घेतला. अर्ज सेक्रेटरी म्हणून घेणार.’

मी अर्ज लिहिला. कारण लिहिलं, ‘मुलीच्या लग्नासंबंधी जेवण’. ते म्हणाले, लग्नाला टेबल द्यायचं तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागंल. मी खोडून ‘घरगुती वापर’ लिहिलं. ते म्हणाले, घरगुती वापराला मनाईच हाय. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. ‘तुम्ही मास्तर हावोत ना? मंग शैक्षणिक उपयोग लिहा.’ मी लिहिलं. त्यावर त्यांनी सही केली आणि खाली अट घातली, की टेबल वापरात असताना कमिटीचा एक माणूस हजर पाहिजे. कमिटीचा तो माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. विनीतानं मुकाट्यानं दोन पानं वाढवली, कारण कमिटीच्या माणसाला बायको होती.

टेबल वर आणल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, त्याच्या वरच्या पत्र्यावर कुणा दानशूर गृहस्थाचं नाव, गाव आणि ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ असं लाल रंगात भलंमोठं लिहिलेलं होतं. ते झाकायला दोन्ही टेबलांवर पांढरा कागद अंथरावा लागला. दोन, ते आमच्या टेबलापेक्षा वीतभर उंच होतं. सोसायटीचं टेबल खाली आणता येत नाही, म्हणून आमचं वर न्यायचं ठरलं. शंकरप्पांनी पायांखाली विटा लावल्या. दोन्ही टेबलं एका पातळीत आली आणि मला फार समाधान वाटलं. खुर्च्या मात्र होत्या तेवढ्याच उंचीच्या राहिल्या, हे त्या समाधानात ध्यानात आलं नाही.

या सगळ्यात मालविकाचा नांदेडहून रोज फोन यायचा.

‘बाबा, कमळं झाली का?’

‘तयारी उत्तम चालली आहे.’

‘तयारी नाही विचारली.’

‘अगं, अजून थोडा सराव झाला की गुलाबी कागद काढतो.’

‘बाबा, नक्की ना?’ तिचा आवाज जरा बारीक व्हायचा. ‘परत दुसरी संधी नाही मिळणार.’

हे वाक्य मी क्लासच्या भिंतीवर लिहून ठेवलेलं आहे. घरातल्या भिंतीवर ते नसल्यामुळे असेल, मी मनावर घेतलं नाही. माझं कमळ दिवसेंदिवस सुरेख होत होतं आणि ते कालच्यापेक्षा आज जास्त सुरेख होतंय, तर मग उद्या किती होईल, या विचारानं मी गुलाबी कागद एकेक दिवस पुढे ढकलत होतो. सोफ्यावर, टीव्हीवर, धुण्याच्या टबात सरावाची कमळं साठली. बसायला जागा उरली नाही.

जेवणाच्या दिवशी माझा हिशेब पक्का होता. पाहुणे ‘संध्याकाळी येतो’ म्हणाले होते. आपल्याकडे संध्याकाळी येतो म्हणणारा माणूस दिवेलागणीला घरून निघतो. त्यात उदगीरहून यायचं, वाटेत कुणाकडे तरी चहा होणार. म्हणजे दुपारभर माझे हात मोकळे. सराव इतका झाला होता की डोळे मिटूनही पाकळी पडली असती. दुपारची झोप काढून उठलो, पैठणीखालचा कागद काढला, खळ कालवली, कात्री हातात घेतली. पहिली गुलाबी पाकळी कापली आणि बेल वाजली.

दारात तुळजाबाई उभ्या होत्या. मागे व्यंकटराव आणि वरद. उन्हं अजून उतरायची होती.

‘शाळा भरायच्या आधी हजर राहायची सवय,’ त्या म्हणाल्या. ‘गडबड झाली का?’

‘छे छे,’ मी म्हणालो. माझ्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्याला खळ.

स्वयंपाकघराच्या दारातून मालविकानं आधी टेबलाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ताटं मांडलेली होती, कमळ एकही नव्हतं. मी टब उचलला आणि त्यातली सरावाची कमळं भराभर ताटाशेजारी मांडून टाकली. ‘साधीच ठेवलीत,’ असं काहीतरी पुटपुटलो.

गप्पाटप्पा होईतो उन्हं उतरली आणि पानं घेतली. बसल्याबरोबर पहिला घोटाळा कळला. टेबल विटांवर आणि खुर्च्या जमिनीवर, त्यामुळे सगळ्यांची ताटं छातीशी आली. तुळजाबाई उंचीनं बेताच्या, त्यांचा तर कमळाच्या मागे फक्त चष्मा दिसत होता. वरदनं त्यांच्याखाली उशी सरकवली. दुसऱ्या टोकाला शंकरप्पा सहकुटुंब बसले होते आणि टेबलावर हात ठेवून मालमत्तेची काळजी वाहत होते.

विनीतानं जेवण मात्र असं केलं होतं की वैऱ्यानंही नाव ठेवू नये. येसराची आमटी, भरली वांगी, ज्वारीच्या पातळ भाकरी, तोंडी लावायला तिखट भुरका, पुरणपोळी. पाहुण्यांनी पहिला घास घेतला. आता सगळं ठीक होणार असं मला वाटलं, तोच व्यंकटरावांनी कमळाची पाकळी जवळ ओढून मोठ्यानं वाचलं.

‘एका इमारतीच्या गच्चीवरून एक दगड खाली सोडला. तर तो जमिनीवर...’ त्यांनी पाकळी उलटी केली. ‘फुडं काय झालं?’

‘ते माझ्याकडे आहे,’ वरद म्हणाला. ‘जमिनीवर किती वेगानं आदळेल? खाली चार पर्याय. पण तिसरा खळीखाली गेलाय.’

‘जेवताना वाचायचं न्हाई,’ तुळजाबाई म्हणाल्या. दोघांनी माना खाली घातल्या. आमटीचे भुरके ऐकू आले. मग चष्मा कमळावरून हळूच वर आला. ‘गच्ची किती उंच हाय, ते कुणाच्या फुलावर हाय?’

ते सिंधुवहिनींच्या फुलावर होतं. वहिनींनी फूल वरदकडे दिलं, वरदनं व्यंकटरावांकडे, आणि बघता बघता टेबलभर कमळं फिरू लागली. ‘तिसरा पर्याय कुणापाशी हाय?’ ‘माझ्यापाशी चुंबक हाय, ते कशाचं?’ ‘ते दुसऱ्या पेपरचं, इकडं द्या.’ माझी प्रत्येक पाकळी वेगळी फाडलेली, त्यामुळे कुणालाच अख्खा प्रश्न सापडत नव्हता आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडे हात पसरावा लागत होता. एक कमळ आमटीत पडलं. वरदनं ते चमच्यानं काढून निथळलं आणि ‘ड पर्याय भिजला’ असं जाहीर केलं. मधल्या मधे गुळाच्या खळीमागं मुंग्यांची एक ओळ पुरणपोळीच्या दिशेनं शिस्तीत निघाली होती. ती मी हातानं झाकून बसलो.

तुळजाबाईंनी तोंडी उत्तर काढलं. शंकरप्पा म्हणाले, हौदु. आणि तेव्हा जे कधी झालं नव्हतं ते झालं. व्यंकटराव म्हणाले, ‘अक्का, तुझं चुकून राहिलंय.’

वरदचा घास हातात राहिला. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसानं बहिणीला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं, आणि तेही माझ्या घरी, माझ्या प्रश्नावरून.

‘माझं?’ तुळजाबाई म्हणाल्या. ‘पेन आणा.’

पेन आलं. त्या उठल्या, टेबलावर अंथरलेल्या कागदावर वाकल्या आणि त्यावरच गणित मांडू लागल्या. व्यंकटराव शेजारून वाकले. काय मांडतात ते बघायला शंकरप्पाही त्याच बाजूला येऊन वाकले. एवढी माणसं एका बाजूला वाकल्यावर काय होतं, हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत आलोय. खालची वीट सरकली. आमचं टेबल सावकाश, अगदी अदबीनं कलंडलं. आमटीचं पातेलं घसरत आलं आणि व्यंकटरावांच्या पांढऱ्या शर्टावर येऊन थांबलं. मागोमाग वांगी, भाकरी आणि सगळी कमळं त्याच वाटेनं खाली गेली.

पुढची थोडी मिनिटं फक्त पुसापुशी चालली होती. उरलेलं अन्न विनीतानं जमिनीवर ताटं मांडून पुन्हा वाढलं, तुळजाबाईंना खुर्चीतच हातात ताट दिलं. व्यंकटराव माझा शर्ट घालून जेवत होते. तो त्यांना पोटावर बसत नव्हता. शंकरप्पा टेबलाला कुठं पोचा आलाय का, हे बोटानं चाचपून बघत होते. मी भिंतीला टेकून उभा होतो. इतका लाजलेलो मी माझ्या आयुष्यात कधी नव्हतो. आणि लाजेपेक्षा वाईट म्हणजे, माझ्यामुळे पोरीचं हवं ते लग्न गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. गुलाबी कागद सोफ्यावर तसाच पडला होता.

हात धुऊन तुळजाबाईंनी निकाल सांगितला. ‘सैपाक पहिल्या नंबरात पास. बाकी समदं नापास.’

‘आत्याबाई, चूक माझी आहे,’ मी म्हणालो. ‘त्याची शिक्षा तिला नको.’

‘अट म्हंजे अट.’

मालविका ओल्या हातांनी पुढे आली. ‘नापास तर नापास,’ ती म्हणाली. ‘अट तुम्ही आधीच सांगितली होती. कार्यालयात करू. पण आत्या, मला त्या स्टेजवर नाही बसवणार ना? अनोळखी माणसं येऊन डोक्यावर हात ठेवून जातात आणि त्यांना माझं नाव माहीत नसतं, मला त्यांचं. मला भीती वाटते त्याची.’ शेवटी तिचा आवाज फुटला.

तुळजाबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग त्यांचाही आवाज बदलला.

‘बाई, मला काय हौस हाय व्हय थाटामाटाची? मी एकटी बाई. माझ्या शाळंतली लेकरं मोठी झाली, समद्यांनी लग्नाची पहिली पत्रिका माझ्या घरी आणून दिली. मी समद्यांच्या लग्नाला गेले. पहिल्या रांगंत बसवलं मला, खणानारळानं ओटी भरली. आता माझ्या घरात हे एकच लग्न. त्यांना सांगू का, की जागा न्हाई म्हणून?’

व्यंकटरावांनी डोळे पुसले, माझ्याच शर्टाच्या बाहीनं.

‘त्या सगळ्यांना तुम्ही ओळखता?’ मालविकानं विचारलं.

‘ओळखते म्हंजे? हजेरी घेत होते मी.’ तुळजाबाईंनी डोळे मिटले आणि सुरूच केलं. ‘आनंदराज. लई हुशार, पण पेन्सिल चावायचा. आता देगलूरला वकील हाय. ज्ञानोबा, तेराच्या पाढ्याला दरवेळी अडकायचा. शिरूर अनंतपाळला त्याचं किराणा दुकान हाय, अजून तेरा रुपयाचा माल दिला की हसतो. सृष्टी, पावसात शाळंत यायची तर आधी दप्तर पुसायची, मंग डोकं...’

एकामागून एक नावं येत राहिली. मालविका त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली. मधेच ती विचारायची, ‘आणि तो आता काय करतो?’ आणि त्या सांगायच्या. मी माझ्या मुलांची नावं आठवून पाहिली. मला त्यांचे रँक आठवले.

‘आत्या,’ शेवटी मालविका म्हणाली, ‘हे सगळे येऊ देत. उदगीरला, तुमच्या शाळेच्या मैदानावर. पण स्टेज नको. लग्न लागलं की पंगती बसतील, मी वाढायला निघणार, आणि तुम्ही माझ्याबरोबर चालत एकेकाचं नाव सांगायचं. मी त्या नावानं हाक मारून वाढणार.’

‘अन् एखाद्याचं नाव मला आठवलं न्हाई तर?’

‘तर त्याला पत्रिका नाही.’

‘बापरे,’ विनीता हळूच म्हणाली. मुख्याध्यापिकेला अशी अट घालणारं माणूस त्या घरात आजवर जन्मलं नव्हतं. तुळजाबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की शंकरप्पांनी दचकून टेबल धरलं.

‘हाव. मान्य,’ त्या म्हणाल्या. ‘व्यंकट, तुला काय म्हणायचं हाय?’

व्यंकटरावांना काही विचारलं जाण्याची सवय नव्हती. ते गडबडले आणि म्हणाले, ‘मला अजून वाटतंय, उत्तर ब हाय.’

पाहुणे गेले. टेबल ओरखडा न पडता सोसायटीला परत मिळालं, तशी शंकरप्पांनी अर्जावर पोचही दिली. लग्नाची तारीख ठरली. आता आमच्याकडे सकाळी चहाच्या वेळेला उदगीरहून फोन येतो. ‘मालविका हाय का? मागच्या बाकावर बसायचा बघ एक, त्याचं नाव आठवलं.’ मालविका शनिवार-रविवार नांदेडहून घरी असते, तेव्हा मी फोनकडे जाईपर्यंत तो तिच्या हातात असतो. आणि पहाटे कधी तिचा स्वतःचा फोन वाजला, तर ‘आठवला का?’ असं विचारत ती अंथरुणातून उठते.